परवाना मुंबईच्या गर्दीतला, वेग महामार्गाचा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गणपतीला गावी जायचे बेत ठरू लागले की मुंबईतल्या कितीतरी घरांत ऐकू येते, 'या वेळी गाडी मुलगा चालवेल.' किंवा मुलगी, किंवा सून. परवाना हातात येऊन दोन-तीन महिने झालेले असतात. अंधेरीहून दादरला गाडी चार-पाच वेळा सुखरूप गेलेली असते, त्यामुळे घरच्यांनाही विश्वास वाटतो. पण तो परवाना देताना महामार्गाच्या वेगाची परीक्षा कुणी घेतलेली नसते. मुंबईत शिकलेल्या माणसाला ताशी ३० किलोमीटरने गाडी चालवता येते. ताशी १००ने गाडी चालवणे ही निराळी विद्या आहे, आणि ती बहुतेकांना कुणी शिकवलेलीच नसते. ती अंगात मुरेपर्यंत, म्हणजे निदान पहिले वर्षभर, नव्या चालकाने ८०ची रेघ ओलांडू नये आणि शासनानेही तसा नियम आणावा, यासाठी आम्हा मोटार प्रशिक्षकांचे हे पत्र.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलमधला हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम किमान २१ दिवसांचा असतो आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास किमान १०. मुंबईत हे दहा तास सिग्नल, रिक्षा, बेस्टच्या बस आणि रस्त्याच्या कडेला उभ्या गाड्या यांच्यातच जातात. गाडी बहुतांश वेळ दुसऱ्या गिअरमध्ये, क्वचित तिसऱ्यात. शिवाय स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणाऱ्याला वाटते गाडी आपण थांबवली, पण अर्ध्या वेळा ती शेजारच्या पायाने थांबवलेली असते. आरटीओच्या चाचणीत रिव्हर्स, वळणे आणि चढावर गाडी उचलणे पाहतात. या सगळ्यात स्पीडोमीटरचा काटा ४०च्या पुढे जाण्याचे कारणच पडत नाही.

गर्दीने लावलेल्या काही सवयी तर महामार्गावर उलट घातक ठरतात. पहिली सवय क्लचची. शहरात गाडी बंद पडू नये म्हणून क्लच आणि ब्रेक एकदमच दाबायला शिकवतात, किंबहुना क्लच आधी. वीसच्या वेगात ते चालून जाते. ९०च्या वेगात क्लच दाबला की इंजिनचा चाकांशी संबंध तुटतो आणि इंजिनकडून मिळणारी रोधशक्ती नाहीशी होते. महामार्गावर आधी फक्त ब्रेक दाबायचा. वेग उतरून इंजिन धडधडू लागेल, साधारण वीस-पंचवीसपर्यंत, तेव्हा क्लच.

दुसरी सवय हलक्या पायाची. गर्दीत ब्रेक नेहमी हळुवार लागतो, त्यामुळे पूर्ण ताकदीने ब्रेक दाबल्यावर गाडी काय करते हे नव्या चालकाला माहीतच नसते. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे. ही यंत्रणा काम करू लागली की पेडल पायाखाली थरथरते, खडखडाट होतो. नवा माणूस घाबरून पाय उचलतो आणि नेमके तिथेच ब्रेकचे अंतर वाढते. पाय उचलायचा नाही. पूर्ण दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंग मोकळ्या जागेकडे वळवायचे. एबीएसमुळे चाके लॉक होत नाहीत, म्हणून गाडी वळते. रविवारी पहाटे एखाद्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर आरशात मागे कुणी नाही हे पाहून ४०च्या वेगात चार-पाचदा असा पूर्ण ब्रेक मारून पाहावा. त्यात ना खर्च आहे ना फारसा वेळ, आणि आमच्या मते नव्या चालकासाठी यापेक्षा मोलाचा सराव नाही.

तिसरी सवय नजरेची, आणि ती सुटायला सर्वांत जास्त वेळ लागतो. नवा चालक बॉनेटच्या पुढच्या वीस-तीस मीटरांवर आणि पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांवर नजर खिळवून बसतो. नवशिके जवळ पाहतात, आरशात कमी पाहतात आणि डावी-उजवीकडे नजर कमी फिरवतात, हे १९७०च्या दशकापासून डोळ्यांच्या हालचाली मोजून केलेल्या अभ्यासांत दिसून आले आहे. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. नजर तीस मीटरवर असेल तर चालकाच्या हाती एकच सेकंद उरतो. नजर दहा-बारा सेकंद पुढे, म्हणजे १००च्या वेगात सुमारे तीनशे मीटरवर हवी, आणि दर पाच-सात सेकंदांनी मधल्या आरशात. तीन गाड्यांपलीकडचा ट्रक ब्रेक मारतो आहे हे दिसले की आपल्याला ब्रेक मारावाच लागत नाही, ॲक्सिलरेटर सोडला तरी भागते.

आता थांबण्याच्या अंतराचा हिशेब. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी मूळ वेगानेच धावते. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि ब्रेक पूर्ण दाबला असे धरले तर ४०च्या वेगात गाडी थांबायला सुमारे २५ मीटर लागतात, ६०ला ४५, ८०ला ६९, १००ला ९७ आणि १२०ला १२९ मीटर. वेग चाळीसवरून ८०वर गेला, म्हणजे दुप्पट झाला, तर अंतर पावणेतीन पट होते, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. रस्ता ओला असेल तर ८०लाच ९५ मीटर आणि १००ला १३५च्या पुढे.

या आकड्यांमागची एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. समोर ९७ मीटरवर ट्रक आडवा उभा आहे असे समजा. १००ने येणारी गाडी त्याला टेकता टेकता थांबते. १२०ने येणारी गाडी, तोच चालक, तेच ब्रेक, त्याच जागी ट्रकला धडकते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ७५च्या आसपास असतो. वीस किलोमीटर जास्त वेगाची किंमत धडकेच्या क्षणी पंचाहत्तर होते. पहिले पन्नास मीटर तर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असतात. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण केंद्र सरकारच्या अहवालात अतिवेग असे नोंदले आहे.

आणि त्या बदल्यात वाचते काय? कळंबोलीपासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या पुण्याकडच्या टोकापर्यंत सुमारे ९४ किलोमीटर. सलग १००ने गेलात तर ५६ मिनिटे, १२०ने ४७. कागदावर नऊ मिनिटे. मध्ये घाट आणि टोलनाका आला की त्यांतली निम्मीसुद्धा हातात राहत नाहीत.

मग ८०च का? या मार्गावर सपाटीला मोटारींना १००ची मर्यादा आहे आणि अवजड वाहनांना ८०ची. त्यामुळे ८०ने जाणारी मोटार वाहतुकीला अडथळा ठरत नाही. ५०ने जाणारी ठरते, तेही सांगायला हवे. भीतीने मधल्या लेनमध्ये पन्नासवर रेंगाळणारा नवा चालक मागच्यांना अचानक लेन बदलायला लावतो. ८०ची रेघ पाळायला एक मदतनीस गाडीतच आहे. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारींत ८०च्या पुढे गेले की अधूनमधून इशारा वाजतो आणि १२०नंतर सतत वाजत राहतो. अनेकांना त्या आवाजाचा वैताग येतो, काही जण तो बंद करून घ्यायला मेकॅनिककडे जातात. नव्या चालकाच्या घरच्यांनी तो आवाज हीच आपली मर्यादा मानावी. शेजारी बसलेल्याने काट्याकडे बघत बसण्याची गरज उरत नाही.

पुढच्या गाडीपासूनचे अंतर सेकंदांत मोजावे. तिने एखादा खांब ओलांडला की 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन' असे सावकाश म्हणावे. आपण त्या खांबाशी त्याआधी पोचलो तर फार जवळ आहोत. ८०च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ६७ मीटर. मुंबईकराला हे अंतर उधळपट्टी वाटते, कारण सायनला एवढ्या जागेत दहा गाड्या मावतात. त्या मोकळ्या जागेत कुणी ना कुणी घुसणारच. घुसू द्यावे, ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा तीन सेकंद करावेत. पाऊस असेल तर चार-पाच.

लेनबद्दल नव्या चालकांचा गोंधळ फार. द्रुतगती मार्गावर डावी लेन अवजड वाहनांची, मधली मोटारींची आणि उजवी फक्त ओव्हरटेकसाठी. प्रत्यक्षात ट्रक तिन्ही लेनमध्ये असतात, म्हणून डावीकडून ओव्हरटेक करणे सर्रास चालते. नव्या चालकाने हे करू नये. ट्रकच्या डाव्या बाजूला चालकाला न दिसणारा पट्टा मोठा असतो, आणि शोल्डरवर (रस्त्याच्या कडेच्या राखीव पट्ट्यावर) बंद पडलेले वाहन अचानक समोर येते ते डावीकडेच. डिपर द्यावा, तीन सेकंद मागे राहावे, वाट पाहावी. उजवी बाजू मोकळी झाली की आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून एक नजर, आणि मग रेंगाळत न बसता पुढे. ट्रकच्या बरोबरीने चालत राहण्याइतकी वाईट जागा रस्त्यावर दुसरी नाही. मधल्या आरशात ट्रकचे पूर्ण तोंड दिसले की मगच परत आपल्या लेनमध्ये. कट मारून घुसू नये.

महामार्गाला लागतानाही तसेच. रॅम्पवरून येताना शहरी सवयीने नाक घालून थांबू नये. जोडलेनचा उपयोग वेग वाढवण्यासाठी आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ६०-७० गाठावे, जागा हेरावी आणि वाहतुकीच्या वेगाने मिसळावे. बाहेर पडायचा फाटा चुकला तर पुढच्या फाट्यापर्यंत जावे. शोल्डरवर रिव्हर्स घेणे म्हणजे मागून १००ने येणाऱ्यासमोर उभे राहणे. लोणावळ्याचा फाटा हुकला म्हणून माणसे रिव्हर्स घेतात, हे दहा-वीस किलोमीटरचा फेरा वाचवण्यासाठी असते.

शहरातच आता अटल सेतू आहे. २१.८ किलोमीटर, मोटारींना १००ची मर्यादा, पण चढण्या-उतरण्याच्या रॅम्पवर ४०ची. शिवडीच्या गर्दीतून निघालेला चालक मिनिटभरात शंभरावर जातो, आणि पलीकडे उतरताना त्याला ६० म्हणजे उभे राहिल्यासारखे वाटते. डोळ्यांना वेगाची सवय लागते, म्हणून रॅम्पवर अंदाजावर न जाता काट्याकडे पाहावे. समुद्रावर वारा आडवा येतो. बसच्या आडोशातून बाहेर पडताना छोटी गाडी एकदम बाजूला ढकलली जाते. दोन्ही हात स्टिअरिंगवर असतील, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, तर ती हलकेच सावरते.

बोरघाटाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. चढताना नव्या चालकाची गाडी बंद पडते, लाज वाटते, पण जीव सहसा जात नाही. धोका उतरताना आहे, पुण्याहून मुंबईकडे येताना. उताराला सतत ब्रेकवर पाय ठेवला की डिस्क आणि पॅड तापतात, पॅडची पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात हवेतले पाणी मुरलेले असते, ते उकळून वाफ होते आणि पेडल फुसके लागते. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे. उतार सुरू होण्याआधीच गिअर उतरवावा. मोटारीला तिसरा, तीव्र उताराला दुसरा. इंजिन गाडीला धरून ठेवते. वेग मर्यादेपलीकडे जाऊ लागला की ब्रेक ठाम दाबून वेग दहा-पंधराने उतरवावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे ब्रेकला थंड व्हायला उसंत मिळते. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड किंवा 'एल' (लो) गिअरचा वापर करावा. इलेक्ट्रिक गाडीत वीज परत भरून घेणारे ब्रेकिंग उताराला छान काम करते, पण लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के चार्ज करून निघालात तर ती वीज साठवायला जागाच नसते आणि ते ब्रेकिंग कमी होते. घाट उतरायचा असेल तर चार्ज थोडा कमी ठेवावा.

उताराला न्यूट्रल टाकल्याने इंधन वाचते, हा समज अजून गेलेला नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तुटते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. चावी फिरवून इंजिन बंद करणे तर आत्मघात. ब्रेकला जोर देणारा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागले तर गिअर आणखी खाली घ्यावा, पेडल भराभर पंप करावे, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, तिला तडा जाऊ शकतो.

कोकणात जाणाऱ्यांसाठी मुंबई-गोवा महामार्गाची गोष्ट निराळी. जिथे चौपदरीकरण अपुरे आहे तिथे, आणि महामार्ग सोडून गावाकडे वळल्यावर, रस्ता दुपदरी आणि समोरून वाहने. इथे जीव घेतो तो ओव्हरटेक. ५०ने जाणारा बारा मीटरचा ट्रक ७०ने ओलांडायचा असेल तर मागचे-पुढचे अंतर धरून सुमारे दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत आपण १९५ मीटर जातो आणि समोरून ८०ने येणारी गाडी २२० मीटर. म्हणजे सव्वाचारशे मीटर रस्ता रिकामा दिसायला हवा, आणि हात राखून पाचशे. कोकणातल्या वळणांवर पाचशे मीटर सलग रस्ता क्वचितच दिसतो. पाच माणसे, सामान आणि एसी चालू असलेली बाराशे सीसीची गाडी चौथ्या गिअरमध्ये पिकअप घेत नाही, हे चालकाला अर्धा ट्रक ओलांडल्यावर कळते. तिसरा गिअर आधी टाकावा, मगच बाहेर निघावे. ट्रकला चिकटून राहिले तर पुढचे काही दिसत नाही, म्हणून थोडे मागे राहूनच रस्ता वाचावा. निघाल्यावर शंका आली तर ब्रेक मारून परत मागे यावे. अर्धवट धाडसापेक्षा ते शंभर पटीने बरे.

डांबराची कड आणि मातीची साइडपट्टी यांत पावसाळ्यात बऱ्याचदा वीतभर खाच पडते. चाक खाली उतरले की नवा चालक झटक्याने स्टिअरिंग उजवीकडे ओढतो. टायर कडेला घासत राहतो आणि एकदम चढतो, तेव्हा वळलेल्या चाकांमुळे गाडी थेट समोरच्या वाहनांत फेकली जाते. चाक उतरले तर स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा, वेग तीस-चाळीसवर आला आणि समोर कुणी नसले की अलगद वर घ्यावे.

टायर हा मुंबईच्या गाडीचा खरा दुबळा भाग. गाडी आठवडाभर सोसायटीत उभी, वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालणारी. नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने कडक झालेले असते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर जाणत्याला दाखवल्याशिवाय महामार्गावर नेऊ नये. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, पावसाळ्यात ३च्या खाली असेल तर आम्ही गाडी बाहेरगावी न्यायचा सल्ला देणार नाही. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्याने. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, बाजूची भिंत तापते आणि तासाभराच्या वेगानंतर फाटते. हवेचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. पाच माणसे आणि डिकीभर सामान असेल तर तो पाळायचा. हवा गाडी थंड असताना, घराजवळच्या पंपावर भरायची. गरम टायरमध्ये दोन-चार पीएसआय जास्त दिसतात ते साहजिक आहे, ते काढून टाकू नयेत. स्टेपनीतही हवा पाहावी.

एवढे करूनही टायर फुटलाच तर ब्रेकवर उडी मारू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावे, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा, वेग उतरला की डावीकडे शोल्डरवर. हझार्ड दिवे लावून सगळ्यांनी गाडीतून डाव्या बाजूने उतरावे आणि रेलिंगच्या पलीकडे जावे. लाल त्रिकोण मागे शंभर मीटरवर. शोल्डरवर गाडीत बसून मेकॅनिकची वाट पाहू नये आणि उजव्या बाजूचे चाक तर स्वतः बदलूच नये.

पावसात ३२ पीएसआय हवा असलेला चांगला टायरसुद्धा साचलेल्या पाण्यावर नव्वदच्या आसपास तरंगू लागतो, झिजलेला त्याच्या बराच आधी. स्टिअरिंग अचानक हलके लागले की ही खूण. तेव्हा ब्रेक नाही, वळवणे नाही, फक्त ॲक्सिलरेटर सोडायचा. पावसात क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम राखणारी सोय) बंद. रात्री लो बीममध्ये पन्नासेक मीटर दिसते. वरचा हिशेब पाहिला तर तेवढ्यात थांबता येईल असा वेग ६०. दिवे नसलेला ट्रॅक्टर किंवा बंद पडलेला ट्रक त्या अंधारात असू शकतो. पहाटे तीनला निघून गर्दी चुकवायची मुंबईकरांची पद्धत अनुभवी चालकाला शोभते. दिवसभर ऑफिस करून चार तास झोपलेल्या नव्या चालकाने ती उचलू नये. १००च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ८० मीटर बिनचालकाची धावते. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिले तरी ५५ मीटर.

मागच्या सीटवरचे पट्टे बांधायचे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ पुलाच्या कठड्याला गाडी धडकली. मागे बसलेले सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते.

सराव कसा करावा? एका वेळी एकच गोष्ट नवी. आधी रविवारी सकाळी सहा ते आठ पूर्व द्रुतगती महामार्गावर मुलुंड ते सायन, चौथा गिअर, ६०, लेन बदलण्याचा आणि आरशाचा सराव. असे तीन-चार रविवार. मग सायन-पनवेल मार्गाने कळंबोलीपर्यंत आणि परत. मग आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजेडात, कोरड्या रस्त्यावर द्रुतगती मार्गाने खालापूरपर्यंत जाऊन घाटाआधीच बाहेर पडायचे. त्यानंतर घाट चढणे, मग शेजारी जाणता माणूस घेऊन उतरणे. पाऊस त्याच्याही नंतर, आणि रात्र सर्वांत शेवटी. नवा रस्ता, पाऊस, अंधार आणि भरलेली गाडी हे सगळे एकाच दिवशी नव्या चालकाच्या अंगावर टाकू नये, आणि नेमके तेच गणपतीत घडते. समवयस्क मित्रांनी भरलेल्या गाडीत तरुण चालकाचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. पहिले सहा महिने मुलांना मित्रांसोबत रात्री लोणावळ्याला गाडी देऊ नये, मुले रुसली तरी.

आता शासनाकडे मागणे. फ्रान्समध्ये १३०च्या महामार्गावर नव्या चालकाला ११०ची मर्यादा आहे, इटलीत पहिली तीन वर्षे १००ची. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्या टप्प्यातल्या, लाल 'पी' पाटीच्या चालकाला ९०ची. आपल्याकडे शिकाऊ परवान्याला लाल 'एल' लागतो. पक्का परवाना मिळाला की त्याच दिवशी पाटी उतरते आणि समृद्धीवर १२०ने जायची मुभा मिळते. पहिले वर्ष वेगळ्या रंगाची पाटी आणि ८०ची मर्यादा असावी. यासाठी केंद्राच्या कायद्यात बदल लागेल आणि राज्याने तशी शिफारस करावी. प्रशिक्षणाचे तर ताबडतोब होऊ शकते. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी केंद्राने २०२१ साली ठरवलेला हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे. त्यात २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे असून महामार्ग आणि चढ-उतारही येतात. साध्या ड्रायव्हिंग स्कूललाही निदान तीन तास महामार्गाचे बंधनकारक करावेत. फी वाढेल, हे मान्य आहे. आमच्यातल्या काही शाळांना ते आवडणार नाही, हेही ठाऊक आहे. तरी ते व्हावे.

आणि या वर्षीच्या गणपतीपुरते एक. समृद्धी महामार्गावर प्रवेशाच्या ठिकाणी परिवहन विभागाने टायरची तपासणी केली होती. तशीच कळंबोली आणि पळस्पे इथे सणाच्या आधीचे चार दिवस करावी. हवेचे गेज, नक्षी मोजायची पट्टी आणि दोन माणसे एवढे त्याला पुरते. ज्या गाडीत टायर धड नाहीत, तिला तिथेच हवा भरून देऊन किंवा परत पाठवून मोकळे व्हावे.

आपले,
मुलुंड-भांडुप परिसरातील काही मोटार प्रशिक्षक